नुसत्या गट नंबरावर

गेल्या महिन्यात ऑफिसात नव्या मुलांच्या मुलाखती होत्या. पॅनलवर आम्ही दोघंच, मी आणि गेली बारा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी. दुपारचे साडेतीन झाले असतील. सकाळपासून नऊ जण होऊन गेले होते, पुसून पुसून पांढऱ्या फळ्यावर निळसर काजळी धरली होती आणि चहाच्या कागदी कपांचा एकात एक मनोरा झाला होता. दहावी मुलगी आत आली. बीड जिल्ह्यातली, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा, रात्रीच्या एसटीने आलेली. फाइल मांडीवर ठेवून दोन्ही हातांनी धरून बसली. दोन-तीन प्रश्न बरे गेले. मग सहकाऱ्याने फळ्यावर एका नेटवर्कचा पत्ता लिहिला, १०.२०.३०.०/२४, शेवटचा चोवीस हा त्याचा मास्क, आणि विचारलं, "हे नेटवर्क कुठल्या क्लासचं?" तिने फळ्याकडे नीट पाहिलं. म्हणाली, "सर, मास्क चोवीस दिलाय. मग क्लास कशाला बघायचा?" तो म्हणाला, "पहिला आकडा बघा. दहा आहे." ती पुन्हा फळ्याकडे बघत राहिली आणि थोड्या हळू आवाजात म्हणाली, "पण सर, मास्क चोवीस आहे." त्याने समोरच्या कागदावर एक बारीकशी फुली मारली. मला ती दिसली. तिलाही दिसली असावी, कारण फाइलवरची तिची बोटं जरा आवळली.

मी काही बोललो नाही.

का बोललो नाही, हे घरी जाताना सिग्नलला थांबून थांबून आठवत होतो. सहकारी माणूस चांगला आहे, मुद्दाम कुणाला पाडणारा नाही. दमला होता. शिवाय हा प्रश्न आम्ही सगळेच विचारत आलो आहोत. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या पहिल्या धड्यात ए, बी, सी असे वर्ग असतात, ते पाठ केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि पाठ केलेलं विचारून घ्यायची आपली रीतच आहे. पण त्या मुलीचं उत्तर बरोबर होतं. माहितीची पॅकेटं कुठल्या वाटेने पाठवायची ते ठरवणाऱ्या आजच्या कुठल्याही राउटरला विचारलं तर त्याने तेच उत्तर दिलं असतं. रात्री जेवताना बायको म्हणाली, कुठे हरवलायस. ३२ बिटांच्या पत्त्यातली डावीकडची किती बिटं नेटवर्कची, एवढं सांगणारा तो छोटा आकडा, तो मास्क, डोक्यातून जात नव्हता.

हे वर्ग मुळात वाईट नव्हते, हेही सांगितलं पाहिजे. १९८० च्या सुरुवातीला इंटरनेट प्रोटोकॉलचा जो मसुदा होता त्यात पत्त्याची पहिली आठ बिटं नेटवर्कची आणि उरलेली चोवीस आतल्या यंत्रांची, असा एकच सरसकट नियम होता. म्हणजे जगात नेटवर्क जेमतेम अडीचशे. १९८१ च्या सप्टेंबरमध्ये जॉन पोस्टेल यांच्या संपादनाखाली आरएफसी ७९१, म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज, आला आणि त्यात पत्त्यांचे वर्ग पडले. पहिलं बिट शून्य असेल तर ए, पहिली दोन १० असतील तर बी, पहिली तीन ११० असतील तर सी. ए वर्गाच्या एका नेटवर्कमध्ये १,६७,७७,२१४ यंत्रं, बीमध्ये ६५,५३४ आणि सीमध्ये २५४. त्या काळच्या राउटरांची मेमरी आणि वेग बघता ही युक्ती फार देखणी होती. मास्क कुणी कुणाला सांगायचाच नाही. पत्ता स्वतःच्या कपाळावर स्वतःची लांबी लिहून फिरतो, राउटरने पहिली तीन-चार बिटं वाचायची आणि कुठे कापायचं ते जागच्या जागी ओळखायचं. क्लासफुल राउटिंग म्हणजे एवढंच. मला आजही त्या काटकसरीचं कौतुक वाटतं. एका बिटाचाही अपव्यय नको, अशा जिवाने काम करणाऱ्या माणसांनी ती रचलेली आहे.

पण माझ्या गावाकडे नव्या माणसाला आधी आडनाव विचारतात. ते कळलं की त्याच्याशी काय बोलायचं, त्याला कुठे बसवायचं, चहा कुठल्या कपातून द्यायचा, हे विचारणाऱ्याच्या मनात ठरून गेलेलं असतं. तिथे वाढल्यामुळे असेल, पहिला आकडा बघून पुढचं सगळं ठरवणारी व्यवस्था मला कधी निव्वळ तांत्रिक वाटली नाही.

मी हे सगळं शिकलो दादरला, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये. खिडकीतून फुलबाजाराचा ओला वास यायचा आणि त्यात गरम झालेल्या यंत्रांचा वास मिसळायचा. तीन राउटर एका ओळीत जोडायचे, दोन्ही टोकांना १७२.१६ चे दोन वेगवेगळे सबनेट, म्हणजे तुकडे, द्यायचे, मधल्या जोडण्यांना दुसरेच पत्ते, आणि तिन्हींवर रिप, म्हणजे राउटरांनी एकमेकांना आपापले मार्ग सांगायची पद्धत, चालू करायचा. सर मुद्दाम काही सांगायचे नाहीत. मधल्या राउटरवरून टोकाच्या यंत्राला पिंग मारायचा, म्हणजे उत्तर येतं का ते बघायला छोटी पॅकेटं पाठवायची, एक पॅकेट पोचायचं, पुढचं हरवायचं, तिसरं पोचायचं, चौथं हरवायचं. आम्ही केबल काढून पुन्हा लावायचो, पत्ते तीनतीनदा तपासायचो. सगळं बरोबर असायचं. मग सर शांतपणे म्हणायचे, मधल्या राउटरचं टेबल बघा. त्या मार्गांच्या यादीत दिसायचं की डावीकडचा राउटर म्हणतोय, १७२.१६ माझ्याकडे आहे. उजवीकडचाही म्हणतोय, १७२.१६ माझ्याकडे आहे. दोघंही आपापल्या परीने खरं बोलत होते. पण रिपची पहिली आवृत्ती मास्क पाठवत नाही. सीमेवरून बाहेर निघताना ती अख्ख्या वर्गाचं नाव सांगते आणि त्यातला आपला तुकडा कुठला हे आतच राहून जातं. मधला बिचारा एक पॅकेट इकडे टाकायचा, एक तिकडे.

बऱ्याच वर्षांनी मी रिपचा मूळ दस्तऐवज वाचायला घेतला, १९८८ च्या जूनमधला आरएफसी १०५८. त्यात प्रत्येक मार्गाच्या नोंदीची २० बाइटांची चौकट काढलेली आहे. पत्त्याला चार बाइट, शेवटी किती टप्पे ते सांगायला चार बाइट. आणि पत्त्याच्या लगेच पुढे आठ बाइट रिकामे, तिथे लिहिलेलं, हे शून्यच असलं पाहिजे. पुढे रिपची दुसरी आवृत्ती आली तेव्हा त्या रिकाम्या आठांतले पहिले चार बाइट मास्कला दिले गेले. चौकट तीच आणि तेवढीच राहिली. मी ती दोन पानं शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ बसलो होतो. दर तीस सेकंदांनी, जगभरातल्या हजारो राउटरांमधून, मास्कची जागा शून्यांनी भरून जात होती. सांगायला जागा होती, फक्त सांगायची पद्धत नव्हती.

मास्क म्हणजे नेमकं काय, हे मला खरं तर लॅबमध्ये कळलं नाही. ते कळलं गावच्या चावडीत. आजोबा गेल्यानंतर वारसनोंदीसाठी वडिलांबरोबर तलाठ्याकडे गेलो होतो. भिंतीवर कळकट नकाशे, लाकडी मांडणीवर कापडात बांधलेली दप्तरं, आणि त्या कापडाचा जुना, धुळकट, थोडा गोडसर वास. वडिलांनी मोठ्या अभिमानाने गट नंबर सांगितला. आमच्या घरात तो नंबर घरातल्या माणसाच्या नावासारखा घेतला जायचा. तलाठ्याने मान वर न करता म्हटलं, "हिस्सा सांगा." वडिलांनी परत गट नंबर सांगितला. तेव्हा त्याने चष्म्यावरून बघितलं आणि काहीशा मायेनेच म्हणाला, "दादा, नुसत्या गट नंबरावर मी काय शोधू? त्या गटात सात पोटहिस्से आहेत." वडील गप्प झाले. त्यांच्या लहानपणी तो गट खरंच अख्खा एकाच्या नावावर होता. तेव्हा नंबर सांगितला की जमीन कळायची, बांध कुठून कुठे हे विचारायची वेळ यायची नाही. मधल्या काळात वाटण्या झाल्या, एक तुकडा चुलत्यांनी विकला, विहिरीचा कोपरा सामाईक राहिला. नंबर तोच होता, पण त्यातून जमीन कळेनाशी झाली होती. मला त्या क्षणी दादरची लॅब आठवली, आणि १७२.१६ माझ्याकडे आहे म्हणणारे ते दोन राउटर.

पोटहिस्सा. सबनेटला याहून चांगला मराठी शब्द मला अजून सापडलेला नाही.

पण क्लासफुल वागण्याची खरी धग मला लागली ती आधीच्या नोकरीत. २००३ सालचा पावसाळा होता. कंपनीचं मुख्य ऑफिस पुण्यात, एक शाखा सोलापुरात, आणि लातूरची नवी शाखा त्याच आठवड्यात सुरू झालेली. सोलापूरहून फोन आला, लातूरचं काहीच उघडत नाही. मी रात्रीच्या गाडीने गेलो. सर्व्हरची खोली म्हणजे गोदामाच्या कोपऱ्यातला प्लायवूडचा खोका, बाहेर पत्र्यावर पाऊस, आत पंख्याची घरघर. पुण्याचे सर्व्हर लागत होते. इंटरनेट चालू होतं, जगातली कुठलीही साइट उघडत होती. फक्त लातूर नाही. पिंग मारला की आमच्याच राउटरचं उत्तर यायचं, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल. लातूरच्या मुलाला झोपेतून उठवून त्याच्याकडचं सगळं तपासून घेतलं. लीज लाइनवाल्यांशी वाद घातला. पहाटे अडीचच्या सुमाराला राउटरचं टेबल कागदावर उतरवून काढलं. त्यात चारच ओळी होत्या. १०.४.१.० म्हणजे सोलापूरचं ऑफिस, १०.४.२.० म्हणजे गोदाम, १०.१.१.० म्हणजे पुण्याचे सर्व्हर, आणि शेवटी डिफॉल्ट रूट: बाकी जे काही माहीत नाही ते पुण्याकडे पाठव. लातूर होतं १०.७.१.०. ते टेबलात नव्हतं, म्हणजे डिफॉल्टने पुण्याला जायला हवं होतं, आणि पुण्याला लातूर ठाऊक होतं. मग पॅकेट मरत का होतं?

लातूरसाठी एक वेगळी ओळ टाकली आणि काम सुरू झालं, पण उत्तर मिळालं नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. तो जुना राउटर टेबलात शोधताना क्लासफुल पद्धतीने शोधत होता. पॅकेट आलं १०.७ साठी. त्याने पहिला आकडा बघितला, दहा, म्हणजे ए वर्ग, म्हणजे दहाचं घराणं. दहाच्या घराण्यातली तीन घरं त्याला माहीत होती. त्यांत हे घर नाही. तेव्हा त्याने ठरवलं की असं घर अस्तित्वातच नाही, आणि पॅकेट तिथेच टाकून दिलं. डिफॉल्ट रूटकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. अनोळखी घराण्याचं पॅकेट आलं की तो मुकाट्याने पुढे विचारायला पाठवायचा, म्हणून सगळं जग उघडत होतं. पण आपल्याच घराण्यातल्या नवख्याबद्दल दुसऱ्याला विचारणं त्याच्या रीतीत नव्हतं. ज्या काळात ती रीत पडली तेव्हा ती योग्य होती, कारण एका नेटवर्कचे सगळे तुकडे सलग असायचे आणि आतल्या प्रत्येक राउटरला ते सगळे माहीत असायचे. माहीत नसलेलं म्हणजे नसलेलंच. आम्ही मात्र दहाचे तुकडे पुण्यापासून लातूरपर्यंत विखुरले होते.

त्यावर उपाय एका ओळीचा होता, आयपी क्लासलेस. ती ओळ लिहिली की राउटर घराणं बघणं सोडतो. टेबलातल्या ओळींपैकी जी पत्त्याशी जास्तीत जास्त बिटं जुळवते ती घेतो, आणि काहीच जुळलं नाही तर डिफॉल्ट रूट, कारण ती शून्य बिटांची ओळ सगळ्यांशीच जुळते. राउटर बनवणाऱ्या सिस्कोच्या सॉफ्टवेअरमध्ये ११.३ आवृत्तीपासून ही ओळ आपोआप असते, त्यामुळे आजच्या मुलांना ती टाइप करावी लागत नाही. त्यांनी तो पावसाळा बघितलेला नाही, हे चांगलंच आहे.

वर्ग मोडले ते मात्र असल्या गल्लीबोळातल्या अडचणींमुळे नाही. ते मोडले कारण मधलं माप संपत आलं. दोन हजार यंत्रं असलेल्या एखाद्या कॉलेजला सी वर्ग फार लहान, ए फार मोठा, म्हणून जो तो बी मागायचा, आणि जगात बी होते १६,३८४. त्यातही ६५,५३४ पैकी ६३ हजारांवर पत्ते नुसते पडून राहायचे. बीऐवजी आठ सी द्यावेत तर जगातल्या मोठ्या राउटरांच्या टेबलात एकेका कॉलेजच्या आठ-आठ ओळी. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये व्हिन्स फुलर, टोनी ली, जेसिका यू आणि कन्नन वरदन या चौघांच्या नावाने आरएफसी १५१९ निघाला आणि त्याने सरळ सांगितलं की पत्त्याबरोबर मास्कची लांबी द्या. मग तेच आठ सी एका ओळीत मावतात, शेवटी फक्त स्लॅश २१. तोडायचं असेल तिथे पोटहिस्से पाडा, जोडता येईल तिथे एकत्रीकरण करा. आमच्याकडच्या जमिनींना एकत्रीकरण योजनेतून गट नंबर मिळाले तेही साधारण याच हिशेबाने, विखुरलेले तुकडे एका जागी आणायला.

मात्र तोवर पहिल्या पंगतीला बसलेल्यांची ताटं भरून झाली होती. अमेरिकेतल्या एमआयटीकडे १८ ने सुरू होणारा अख्खा ए वर्ग होता. २०१७ मध्ये त्यातले पत्ते विकायला काढताना त्यांनीच सांगितलं की १ कोटी ६० लाखांपैकी १ कोटी ४० लाख पत्ते कधी वापरलेच गेले नव्हते. आणि आशिया-पॅसिफिकला पत्ते वाटणाऱ्या ज्या एपनिकमध्ये आपण येतो तिथला साठा २०११ च्या १५ एप्रिलला शेवटच्या ठोकळ्यावर आला, तेव्हा मागणाऱ्या प्रत्येकाला त्यातून जास्तीत जास्त १,०२४ पत्ते असा नियम लागला. यात कुणी लबाडी केली नाही, हे मला समजतं. नियम तसाच होता, जे आधी आले त्यांना मिळालं. तरी ते आकडे शेजारी शेजारी लिहिले की पोटात काहीतरी हलतं.

आणि वर्ग गेले असं म्हणतो खरे, पण जात नाहीत. आजही राउटरवर शो आयपी रूट लिहून टेबल मागवलं की दहाचे सगळे मार्ग एका मथळ्याखाली, थोडे आत सरकवून, मुलांच्या रांगेसारखे छापून येतात. वर घराण्याचं नाव, खाली पोरं. पॅकेट पाठवताना त्या मथळ्याला कुणी विचारत नाही. छपाईत मात्र तो अजून आहे. तसाच तो पुस्तकांच्या पहिल्या धड्यात आहे, आणि आमच्या प्रश्नपत्रिकेत.

त्या मुलाखतीनंतरच्या शनिवारी मी माळ्यावरून सिस्कोचे दोन जुने २५०१ राउटर काढले. लॅमिंग्टन रोडवरून कधीकाळी घेतलेले, वर धुळीचा बोटभर थर. त्यांना नेटवर्कची सरळ केबल लागत नाही, मधे काडेपेटीएवढी एक डबी लावावी लागते. ती शोधण्यात दुपार गेली. सोलापूर पुन्हा उभं केलं, तेच पत्ते, तोच डिफॉल्ट, आणि पलीकडच्या राउटरवर एक खोटं लातूर. सोमवारी ती दोन्ही यंत्रं पिशवीतून ऑफिसात नेली आणि सहकाऱ्याला जेवणाच्या सुट्टीत बसवून घेतलं. नो आयपी क्लासलेस लिहिलं, म्हणजे ती ओळ बंद केली. बाहेरच्या पत्त्याला पिंग, लागला. १०.७ ला पिंग, अनरीचेबल. त्याने टेबल वाचलं, पुन्हा वाचलं, डिफॉल्ट रूटवर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मग मी नो काढून ती ओळ परत लिहिली आणि १०.७ कडून उत्तरं यायला लागली. तो बराच वेळ काही बोलला नाही. डबा तसाच राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे ती जे म्हणत होती, तेच ना?" त्याने ड्रॉवरमधून तो कागद काढला, फुली खोडली आणि बाजूला सही केली. यादी मात्र शुक्रवारीच वर गेली होती.

तिला फोन मी लावला. दुसऱ्या फेरीसाठी यायचं का, हे विचारायला. मागे कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी टीव्हीचा आवाज कमी केला. आवाज ओळखल्यावर तिने माझं पुढचं ऐकायच्या आधीच विचारलं, "सर, तो क्लासचा प्रश्न माझा चुकला ना? मी घरी आल्यावर सगळं पाठ केलंय परत. दहा म्हणजे ए. १७२ म्हणजे बी. १९२ म्हणजे सी."

मी म्हणालो, "तुमचं उत्तर बरोबर होतं. मास्क चोवीसच होता."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग सर, तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"बोलायला हवं होतं," मी म्हणालो.